आठ शतांश

मे महिन्यात घाटंजीत इंजिन थंड होत नाही.
रात्री अकराला हात लावा,
सिलिंडरच्या फिन्स चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारख्या.
आणि टॅपेट तर थंड इंजिनावरच बसवायचे असतात.
म्हणून गफ्फार मिस्त्री म्हणतो,
"सिडामभाऊ, पहाटं चारला ये. चहा तू आण."

दोनशे सीसी, एकच सिलिंडर,
उंच, सडपातळ,
पुढचा मडगार्ड चोचीसारखा वर उचललेला.
पोरं हिला नाकतोडा म्हणतात.
पावसाळ्यात तालुक्यातल्या बाकीच्या गाड्या
काळ्या मातीत दहा पावलांवर गच्च होतात,
चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती अशी बसते
की काडीनं, बोटांनी, शेवटी शिव्यांनी उकरावी लागते.
नाकतोडा माझी पाठ रंगवत निघून जातो.

माझं काम विहिरी मोजायचं.
चौतीस विहिरी, वर्षातून चार खेपा.
टेप सोडायचा, टप्प ऐकायचं,
वहीत लिहायचं: नऊ मीटर चाळीस.
मधला रस्ता म्हणजे
पऱ्हाट्या उपटलेल्या वावरांचे धुरे,
सागाची वाळली पानं, चाकाखाली पापडासारखी,
आणि नाल्यातली रेती, जिथं मी पहिल्या वर्षी सातदा पडलो.
नंतर कळलं, फूटपेगवर उभं राहायचं,
गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल सोडायचे.
गाडी डोलते. डोलू द्यायची.

रविवारी एअर फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये पिळतो,
तालुक्याची अर्धी धूळ तपेल्याच्या तळाशी.
चेनला जुनं ऑइल, आरे एकेक वाजवून बघायचे,
सैल आरा भद्द बोलतो.
एवढं येतं मला.
टॅपेट मात्र मिस्त्रीचेच.

आज पहाटे त्यानं झाकण उघडलं,
मॅग्नेट फिरवून खिडकीत 'टी'ची खूण जुळवली,
फिलर गेजची पाती काढली, आणि थांबला.
बॅटरीच्या उजेडात त्याचा हात
पाण्यात धरल्यासारखा हलत होता.
"तू घाल," म्हणाला. "आठ शतांश."

मिलिमीटरचे आठ शतांश!
मी मीटरात जगणारा माणूस.
पाती आत जाईना, मग गेली, मग सैल.
"विड्याच्या गड्डीतून मधलं पान ओढतो ना,
पान फाटू नाही, गड्डी हलू नाही, तसं."
चौथ्यांदा जमलं.
नट कसताना पुन्हा बिघडलं.
चहा गार झाला तेव्हा जमलं.

किक मारली. टिकटिकटिकटिक.
"वाजून राहिले की अजून!"
"वाजू दे," मिस्त्री म्हणाला, हात गमछ्यात गुंडाळून.
"वाजते तोवर भेव नाही.
टॅपेट मुके झाले का समज,
फट बुजली. वाल जळते आतून,
अन् जळताना आवाज करत नाही."

यादीत आज पारव्याकडच्या विहिरी होत्या.
मी टेंभरूनच्या रस्त्याला लागलो.
तिथं वेणूबाई आत्राम राहते, विहीर क्रमांक एकवीस.
पाच वर्षं दर खेपेला भांडली माझ्याशी:
"मोजल्यानं पाणी वाढते काय रे?"
मागच्या दोन खेपांना
दाराशी बसून नुसती बघत राहिली.
मी वहीत आकडा लिहिला होता, आणि शेऱ्यात
'काही नाही'.

सूर्य मोहाच्या झाडामागून वर येतोय.
गाडी अंगणात बंद केली.
टेप पिशवीतच ठेवला, तिच्या शेजारी बसलो.
कोंबडी टायर चोचीनं तपासून गेली.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
सायलेन्सर हळूहळू आकसत होता,
टिक.
टिक.

"हे काय वाजते?" तिनं विचारलं.

"गाडी थंडी होऊन राहिली, बाई," मी म्हणालो.