दार अर्ध्यावरून परततं

जहरा. जानेवारी. पहाटेचे साडेपाच.
व्हॅनच्या काचेवर बर्फ नाही,
पण बर्फाचा विचार आहे.
खिशात खोबरेलाची बाटली, खोलीवर गोठलेली,
मांडीच्या उबेनं सुटेल म्हणून घेतलेली.

अबू फवाजच्या गॅरेजचं दार
गुडघ्याएवढं उठतं, थबकतं,
काहीतरी विसरल्यासारखं खाली परततं.
आत गाडी भरून तयार : तंबू, कोळसा, किटली.
बाहेर वाळवंटात त्याचे भाऊ वाट बघतायत.
"दुपारी शहाण्यासारखं चालतं,"
ड्रायव्हर वर्गीस मोडक्या हिंदीत सांगतो,
"सकाळी अंगात येतं.
काल रात्री तर मिटायलाच तयार नव्हतं."

मुकादमचाचांनी शिकवलं होतं, शुवैखच्या शेडमध्ये :
मोटारीवर संशय शेवटी घ्यायचा.
आधी लाल दोरी ओढ, दार मोकळं कर,
हातानं उचलून बघ.
जड लागलं तर स्प्रिंग.
हलकं लागलं तर मोटार.
अडत अडत आलं
तर त्याला कुठंतरी दुखतंय. शोध.

अडत अडत आलं.

रुळावर बॅटरी मारली : पिवळं ग्रीस,
मेण झालेलं, वाळू खाऊन खरबरीत.
वर्गीसनं ऑगस्टात चोपडलेलं, प्रेमानं.
तेव्हा मधासारखं ओघळत होतं म्हणे.
पन्नास अंशांत
कुणाला आठवतात चार अंश?

चिंधी, रॉकेल, जुना टूथब्रश.
एकेक चाक धुतलं, पुसलं, फिरवून ऐकलं.
लोखंडाचा गारठा हातमोज्यातून नखांत शिरला,
बोटं वळेनात.
माझ्याही सांध्यांत कुणीतरी
ऑगस्टातलंच काहीतरी भरलेलं असणार.

दाराच्या पायाशी दोन डोळे,
समोरासमोर, एकमेकांवर नजर लावून.
एकावर दव.
त्याला रात्रभर दिसत राहिलं
उंबऱ्यात कुणीतरी उभं आहे.
शर्टाच्या टोकानं पुसला.
कुणी नव्हतं.

मग शिडी, मोटारीचं झाकण.
माझ्याआधीच्या कुणा मेकॅनिकनं
जोराचा स्क्रू पार शेवटाला नेऊन ठेवलेला.
ग्रीस साफ करायला वेळ लागतो,
स्क्रू फिरवायला लागत नाही.

अबू फवाजची नात, लुलवा,
लोकरी टोपीत, अनवाणी,
स्वयंपाकघरातला कागदाचा रोल घेऊन आली.
मीच मागितला होता, तपासायला.
दाराखाली उभा ठेवला.
दार आलं, आता अगदी गुळगुळीत,
आणि रोल चपटा झाला.
ती खिदळली.
मला हसू आलं नाही.

पाव वळसा मागे. पुन्हा. अजून पाव.
तोच चेंगरलेला रोल तिनं
थोपटून थोपटून पुन्हा उभा केला.
या वेळी दार टेकलं, टेकताक्षणी
चुकून परक्या घरात शिरल्यासारखं
वर गेलं.

"पण मघाशीही चालतच होतं की," अबू फवाज म्हणाला.
चालत होतं. फक्त त्याला थांबता येत नव्हतं.
माझ्या अरबीत एवढं बसत नाही.
म्हटलं : तमाम, बाबा. आता तमाम.

आमच्या दाभोळला दारं पावसात फुगतात.
खांदा लावल्याशिवाय घरात जाता येत नाही.
धाकटा फोनवर म्हणतो, तासून घेतो.
मी म्हणतो, नको, चैत्रात फट पडेल,
बोट जाईल एवढी.
पाच वर्षं झाली,
मी त्या दाराला खांदा लावलेला नाही,
तरी मत देतो.

गाडी गेली. तंबूचा एक बांबू
डिकीतून बाहेर, त्याला लाल फडकं.
वर्गीसनं चहा आणला.
बिलावर लिहिलं :
ग्रीस बदललं. डोळा पुसला. जोर कमी केला.
बारा दिनार.

खिशातली बाटली काढून उजेडात धरली.
कडेकडेनं सुटलंय,
मधे अजून एक पांढरा गोळा तरंगतोय.
डोक्याला लावण्याइतकं आहे.