नीळ

पट्टी सुटली त्या दिवशी परभणीहून परतताना
जब्बार पेंटर मानवतच्या स्टँडावर उतरले
आणि डेअरीच्या पाटीपुढं थबकले.
"ही निळी गाय कोणत्या गाढवानं काढली?"

मी पिशवी धरून मागं.
म्हणालो, खाली सही बघा, चाचा.

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघालेला,
उजव्यातला पुढच्या महिन्यात निघणार.
त्यांनी डावा झाकला. गाय पांढरी.
उजवा झाकला. निळी.
रस्त्यात उभं राहून कितीदा तरी
आणि गाय बिचारी दोन्हीकडं तीच,
शिंगाला झेंडूची माळ, एक कान तुटका.

दहा वर्षं जग पिवळं होत गेलं होतं
इतकं हळू, की उन्हालाही पत्ता नाही.
पांढरा डबा उघडला की चाचा चिडायचे,
जुना माल दिला म्हणून दुकानदारावर,
आणि चिमूटभर नीळ टाकायला लावायचे.
मग दोन चिमटी.
मग चमचा.
ढवळायचो मी.

लुनावर बसून गावभर हिंडलो :
गिरणीच्या भिंतीवर निळं पीठ,
दातांच्या दवाखान्यावर निळे दात,
बँडवाल्यांच्या गाडीवर निळा घोडा.
दर्ग्याच्या कमानीवरचा चंद्र तेवढा शोभत होता.

"कामून बोललं नाही कुणी?"
गिरणीवाले भुजंगराव हात झटकत म्हणाले,
"आम्हाला वाटलं, तुमची ष्टाईल हाय."

दुसऱ्या दिवशी नवा डबा, नवा ब्रश, शिडी.
डेअरीवाल्याची सातवीतली मुक्ता धावत आली :
"गाय पुसायलाव का?"
तिच्या चित्रकलेच्या वहीत गाय निळी,
वर्गातल्या साऱ्यांच्या वहीत निळी,
बाईंनी दहापैकी आठ दिलेले.

लिंबाखाली तिची खरी गाय बांधलेली, पांढरी.
दुपारचे दोन. चाचा शिडीवरूनच बघत राहिले.
पाठीवर ऊन होतं, तिथं डोळा ठरत नव्हता.
पोटाखाली सावली होती,
आणि त्या सावलीत,
नव्या डोळ्यानं नीट बघितलं तर,
चमचाभर.

खाली उतरले. डब्याचं झाकण
ब्रशच्या दांड्यानं ठोकून बसवलं.
"उजव्याची तारीख कधीची?"
सोळा.
"बरं," म्हणाले, आणि उजव्या डोळ्यानं
कडब्याच्या गंजीकडं बघत बिडी ओढत बसले.

माझे दोन्ही डोळे चांगले होते.
हे मला कुणी विचारलं नाही.
पहिल्या वर्षी डब्यात निळं दिसायचं मला.
ते शिडीवरून ओरडायचे, "पांढरा दे,"
मी द्यायचो.
कधीपासून ते आता आठवत नाही,
पण पुढं पुढं मीही पांढराच देत होतो.