शेवटून दुसरा

रिन्स्के गाडीत आधी तिकीट मागत नसे,
आधी मोजायची.
अंगठ्याखाली यंत्र टिकटिकायचं
लेऊवार्डनपासून थेट स्टीनविकपर्यंत.
माणूस, माणूस, सायकल (ती धरायची नाही),
माणूस, झोपलेलं मूल.
ते धरायचं, कडेवर असलं तरी.

बावीस वर्षं.
त्या टिकटिकीचे मुख्यालयात तक्ते होत
आणि तक्त्यांतून, पुढल्या वर्षी कधीतरी,
एखादा डबा वाढे.
फलाटावरच्या माणसाला त्याचं काय?
तो वाऱ्यात उभा, कॉलर कानांपर्यंत,
गाडी समोर येऊन थांबेस्तोवर
त्याला कळायचं नाही
आज नशिबात बाक आहे की दार.

आता गाडी स्वतःच स्वतःला तोलते.
चाकांवरच्या हवेच्या उशा
जितक्या दबतात तितकी माणसं.
दप्तरं, बॅगा, रविवारी आईनं बांधून दिलेले बटाटे,
सगळ्यांची मिळून माणसंच.
फलाटावर एक लांब पट्टी लागली.
तीत डबे उजळतात,
हिरवा, पिवळा, लाल.

पहिल्याच रविवारी हेरेनवेनला
स्केटिंगची शर्यत नुकती सुटलेली.
पट्टी म्हणाली, तिसरा हिरवा.
अख्खा फलाट तिसऱ्याकडे धावला,
गळ्यातले मफलर, हातातली कॉफी, म्हातारे, पोरं,
आणि दोन मिनिटांत तिसऱ्यात
मुंगीला वाट उरली नाही.
लाल म्हणून टाकलेल्या पहिल्यातून मात्र
निम्मी माणसं उतरून गेली होती.
बाकं मोकळी, काचेवर श्वासांचं धुकं,
धुक्यात कुणीतरी बोटानं काढलेलं बदक.

पट्टी खोटं बोलली नव्हती.
तिनं खरंच सांगितलं,
आणि सांगितलं म्हणूनच ते खोटं झालं.

येल्मर नावाचा पोरगेला इंजिनिअर आला,
त्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं.
महिन्याभरात पट्टी
उतरणाऱ्यांचाही अंदाज बांधू लागली.
अजून काय हवं? त्यानं रिन्स्केला विचारलं.
ती म्हणाली, मला काय विचारतोस,
डाउवेला विचार.

डाउवे दर मंगळवारी वोल्वेगाला चढतो,
झ्वोलेतले पियानो सुरात लावायला जातो.
हिरवा न् लाल त्याला सारखेच.
तो गाडी ऐकतो.
भरलेला डबा, तो म्हणतो,
थांबताना खालच्या सुरात उसासतो,
रिकामा किंचित वर.
अर्ध्या सुराचा फरक.
पण तो कानाला लागेस्तोवर
दारं उघडलेली असतात,
आणि काठी कुणाच्या तरी बुटांत.

येल्मरनं वही मिटली. पुन्हा उघडली.
"म्हणजे पट्टीनं बोलायला हवं."
"पट्टीनं," डाउवे म्हणाला, "नाहीतर कुणीतरी."

पट्टी अजून बोलत नाही.
कागदावर आहे म्हणे, वसंतानंतर बघू.
रिन्स्केचं टिकटिकणारं यंत्र
केव्हाच कपाटात जमा झालं.
तरी मंगळवारी, वोल्वेगाच्या आधी,
ती डब्यांतून नजर फिरवत जाते,
ओठ हलतात,
झोपलेलं मूल अजूनही धरते.

गाडी थांबली की दारातून वाकते
आणि म्हणते,
"शेवटून दुसरा. उजवी खिडकी."
साऱ्या फलाटाला ऐकू जाईल इतकं नाही,
एकाला पुरेल इतकंच.

तो चढतो.
खाली हवेची उशी
एका माणसानं दबते.