गुंजभर

सराफ्यात सत्तावीस वर्षं
मी दुसऱ्यांचं सोनं लिहिलं.
तोळा, मासा, गुंज; मग ग्रॅम, मग मिलिग्रॅम.
काटा बारीक होत गेला, चष्मा जाड.

रात्री शटर पडलं की आमच्याच ओट्यावर
गराडूवाला कढई मांडायचा.
दिवसभर जिथे माणसं श्वास रोखून काटा बघायची
तिथेच बोटं चाटत उभी राहायची.
मी थांबले नाही कधी,
लोकमान्य नगरची बस असायची.

सकाळी कुलूप काढताना मुनव्वर न्यारिया दिसे,
गल्लीतली नाली खरवडून
चिखल परातीत घोळत बसलेला.
एकदा विचारलं, चार महिने कुठे होतात?
म्हणाला, पावसात नाली वाहते, बाई, मग मीही वाहतो.
कधी अजमेर, कधी त्याच्याही पुढे.
आणि धंदा?
तो हसला. सोनं कुठे पळतंय? पडत राहतं.

त्या दिवशी खातेवहीच्या मागच्या पानावर
मी पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं.
फंड, घराचं येणारं भाडं, आईच्या चार पाटल्या, घट वजा जाता.
भागिले बसभाडं, धर्मशाळेची खोली, दोन वेळचं वरण-भात.
उत्तर आलं आठ वर्षं, चार महिने.
दोनदा ताळा केला.
इतकी श्रीमंत मी कुणाच्याच खात्यात लिहिली नव्हती.

फतेहचंदजी म्हणाले, तीन हजार वाढवतो.
मी म्हटलं, शेठजी, त्यापेक्षा
शहाण्णव सालातला एखादा मंगळवार द्या परत, कुठलाही.
ते बराच वेळ तिजोरीकडे बघत राहिले.
वो तो बाई, म्हणाले, अपने पास भी नहीं है.

देवासहून मोरेश्वरचा फोन: ताई, म्हातारपणी काय?
येईल तेव्हा येऊ दे रे,
मी घरी नसेन.

शेवटच्या दिवशी मुनव्वरने माझी बसायची गादी मागितली.
जाळली, राख धुतली, पुन्हा धुतली,
तिसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत घेऊन आला.
सत्तावीस वर्षं पदरातून, वह्यांतून, बोटांवरून
झडलेलं सगळं मिळून
गुंजभर. तेही जेमतेम.
त्याने पुडी पुढे केली. मी त्याची मूठ मिटली.
गाडीभाड्याला ठेवा, म्हटलं.

त्या रात्री ओट्यावर उभी राहून गराडू खाल्ले.
जीभ पोळली. जिरावण जास्त झालं होतं.
अजून एक पत्रावळ घेतली.

आता सरवटे स्टँडवर बसले आहे.
एक पिशवी, एक गोधडी, जिरावणाचा डबा.
खरगोनची गेली.
बुरहाणपूरची भरून लागली, कंडक्टरने दोनदा हाक दिली,
तीही जाऊ दिली,
काही कारण नव्हतं.
जाऊ देता येते, एवढंच.