वाढवणे

आमच्या दुकानात बांगडी कधी फुटली नाही.
चाळीस वर्षं, भांडीबाजाराच्या तोंडाशी,
सहा फुटांची जागा, पायाखाली काचेचा चुरा,
आणि अण्णा म्हणत, "एक वाढली बघा."
नवं गिऱ्हाईक घाबरायचं,
त्याला वाटे, भाव वाढला.

रात्री साडेनऊला शटर ओढायचं,
तेही बंद नाही, दुकान वाढवायचं.
माल संपला की "उद्या भरपूर येतोय."
मी पायरीवरून "जाते" म्हटलं
की आतून दटावणी, "येते म्हण."
बारावीच्या पेपरला उशीर झालेला,
तरी रिक्षातून उतरून, परत येऊन
"येते" म्हणून गेले.

मला राग यायचा.
वास्तू तथास्तु म्हणते म्हणे!
एकदा माळ्याकडे बघून ओरडले,
म्हण ना मग.
माळ्यावरून खोक्यांची धूळ तेवढी पडली.

आता कॅनडा कॉर्नरला पॅथॉलॉजीत बसते.
इथली भाषा उलटी.
पॉझिटिव्ह म्हटलं की माणसं खुर्ची धरतात,
निगेटिव्हचे पेढे येतात.
मी कागद पाकिटात घालते, चिकटवते.
बोलणं आमच्या कामात येत नाही.

परवा रविवारी दुकानात होते.
वासंतीबाई खैरनार आल्या, मखमलाबादच्या,
द्राक्षाच्या पेट्या भरायला जातात त्या.
नवरा जाऊन महिना झालेला.
मनगटं गल्ल्यावर ठेवून म्हणाल्या,
"त्या दिवशी वाढवल्या माझ्या. दगडावर.
वाढवल्याच म्हणतात ना, अण्णा?
काय वाढलं हो?"

अण्णा खोक्यांवरून बोट फिरवत राहिले,
लाल, मोरपंखी, पुन्हा लाल.
मग म्हणाले, "फोडल्या."
कपाटातली एकही काच तडकली नाही.
बाहेर तांब्याच्या हंड्यावर कुणी भाव करत होतं,
ते करतच राहिलं.

"दोन-दोन भरा," बाई म्हणाल्या.
"दोन-सहाचं माप. हिरव्या नकोत."
आणि जरा थांबून, "हिरव्याच द्या."

अण्णांनी त्यांची बोटं मिटवली,
अंगठ्याच्या बुडाशी हाड दाबलं,
पेट्या उचलून राठ झालेला हात,
एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.
चौथी सुटली आणि फरशीवर तिचे तीन तुकडे.
दोघंही बघत राहिले.
अण्णांचे ओठ हलले, पण आवाज नाही.

बाईच म्हणाल्या मग,
"वाढली. असू द्या. दुसरी घाला."

पैसे अण्णांनी घेतले, पूर्ण घेतले.
पायरी उतरताना त्या वळल्या, "येते."
मी केरसुणी घेऊन खाली बसले होते.
"या," मीच म्हटलं.

सोमवारी एक पोरगा आला, आईचा रिपोर्ट न्यायला.
पाकीट पुढे करता करता हात थांबला.
म्हटलं, "बस आधी. पाणी देऊ?"