बरका

गावाचं नाव बरका.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं:
आमच्या संगमेश्वरात बरका म्हणजे फणस,
कापा नव्हे, तो दुसरा, गिळगिळीत, न विचारता घशात उतरणारा.
इथे मस्कतपासून तासाभरावर समुद्राकाठचं गाव,
एक मातकट किल्ला,
आणि सईद बिन नासर यांची हलव्याची भट्टी.
माझं पहिलं गिऱ्हाईक.

त्याआधी रुवीत, इख्लासच्या बैठकीत,
गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघी.
ती सुदानची, आवाज खर्जातला.
करकदेचा लाल पेला हातात ठेवत म्हणाली,
"ही सिस्टीम एकाच्या मालकीची नाही.
उघडा, आत हात घाला, मोडली तर पुन्हा मांडा."
मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली.
इथे माझ्या प्रत्येक कागदावर
दुसऱ्या कुणाचं तरी नाव.
विचारलं, हिला कफील नाही?
सगळ्या हसल्या. इख्लास नाही.
"हजारो आहेत," म्हणाली, "रात्री जागतात."

पतसंस्थेत सहा वर्षं खतावणी लिहिली होती,
म्हणून काही गोष्टी लगेच कळल्या:
कुणी कुठलं कपाट उघडायचं,
कुणी नुसतं बघायचं,
खोडलं तर सही कुणाची.
काही अजिबात नाही कळल्या.
एक मॉड्यूल चढवलं आणि पडदा पांढराफटक.
दूध उतू जाताना धावावं तशी धावले,
वायरच उपसली.
वायरीचा काही संबंध नव्हता.

फ्रिजच्या दारावर तीन रकाने:
करायचं, चाललंय, झालं.
नवरा खाऱ्याचं गोडं पाणी करणाऱ्या कारखान्यातून
पहाटे यायचा, दार उघडायचा,
गळून पडलेल्या चिठ्ठ्या झोपेत कुठेही चिकटवायचा.
अशाने 'फोटो काढणे' आपोआप झालं
आणि मी सईदमियांपुढे
कढईच्या फोटोशिवाय जाऊन बसले.

"पान कधी होणार?" गल्फातली तोडकी हिंदी.
पंधरा दिवस, मी म्हटलं. (इख्लासनं शिकवलेलं:
मनात येईल त्याच्या दुप्पट सांग.
मी विसरले होते.)
आणि हलवा?
"अडीच तास. हात थांबला की बुडाला लागतो."

एकविसाव्या दिवशी अरबी चालू केलं.
सगळं पान कुशीवर वळलं:
मेन्यू उजवीकडे, बाण उलटे, केशराचा भाव दुसऱ्या टोकाला.
मला वाटलं, मोडलं.
त्यांनी चष्मा पुसला. "हां. आता सरळ झालं."
म्हणजे इतके दिवस मी त्यांना
आरशातलं दुकान दाखवत होते.

त्या रात्री, उगीच, मराठीही चालू केलं.
निम्मी बटणं इंग्रजीच.
पुसण्याआधी येणारी ती सूचना,
एकदा केलं की परत नाही असं सांगणारी,
कुणी हातच लावला नव्हता तिला.
'पूर्ववत करता येणार नाही' लिहिलं:
तलाठ्याची नोटीस वाटली.
'परत फिरता येणार नाही': भुताची गोष्ट.
मग 'मागे घेता येणार नाही'.
शब्द मागे घेतात. मोर्चा मागे घेतात.
राजीनामा घेतात, मुदतीत.
माझा निळ्या रेघांच्या कागदावर होता,
चेअरमन म्हणाले होते, आठ दिवस टेबलावर ठेवतो.
मी पॅकिंग करत होते.

वाक्य पाठवलं.
नवव्या दिवशी कुणीतरी मंजूर केलं.
नाव नव्हतं, घुबडाचं चित्र होतं.
फ्रिजवर त्याची चिठ्ठीच नव्हती,
मग 'झालं'मध्ये कोरीच एक लावली.

सईदमियांना सांगितलं,
त्या यंत्रात एक ओळ माझी आहे.
"गोड आहे?"
नाही. पुसण्याआधीची आहे.
"मग असू दे," म्हणाले,
आणि एका हातानं डबा पुढे सरकवला,
चिकट, ऊन, अगदी बरका.
दुसरा हात
ढवळतच होता.