मागे बघणारी

कलम नऊ, पोटकलम दोन:
ओढणाऱ्या बोटीत चालवणाऱ्याशिवाय
आणखी एक जण हवा,
वय सोळाच्या वर, नजर धड,
तोंड मागे.

तो एक जण म्हणजे मी.
सुगंधा मारबते, ढिवर मोहल्ला,
महिना साडेनऊ हजार, डबा आपला आपण.

अंबाझरीवर चार उन्हाळे झाले,
मी पुढचं काही पाहिलं नाही.
प्रफुल बोट सोडतो, मी उलटी बसते
आणि बांध, बाभळी, तर्री-पोह्यांची गाडी,
सगळं नागपूर माझ्यापासून लांब लांब जात राहतं.
मधे दोरी, दोरीला लोंबकळलेला
कुणाचा तरी हौशी पोरगा, गुडघे वाकवून.

दोरी वीस मीटर. जास्त मागितली तरी वीस.
जाकीट नाही तर पाण्यात पाय नाही.
वॉटर स्कूटरवाल्यांच्या मनगटाला किल्लीची दोरी:
माणूस पडला की इंजिननंही तिथंच थांबायचं.
आमच्या यांना सांगितलं तर म्हणाले,
लग्नात असती अशी दोरी त बरं झालं असतं.

घाटापासून साठ मीटर हळू जायचं,
इतकं हळू की बदकानं मान वळवू नये.
(बदक नियमात नाही. ते माझं.)
जलपर्णीत शिरायचं नाही,
मशीन ती गिळतं आणि म्हशीसारखं बसून राहतं.
प्यायलेल्यानं हात लावायचा नाही.
फलकावर पेंटरनं मद्यपानाचं मध्यपान केलंय,
पिणारे तेवढ्यावरच वाद घालतात.
आणि दिवस बुडाला की बंद.
मे महिन्यात, सेहेचाळीसच्या वर पारा,
शहर दिवस बुडाल्यावरच घराबाहेर पडतं.
तरी बंद.

परवा प्रफुल सुट्टीवर,
मालकाचा भाचा आला चष्मा लावून.
म्हणाला, मावशी, आरसा बसवलाय नवा,
तुम्ही सावलीत बसा.
मी म्हटलं, आरशाला ओरडता येते का बाप्पा?
आणि बसले.

दोरीवर हिवरी नगरची नूपुर बोकडे,
तिसराच दिवस तिचा.
वळणावर आपल्याच लाटेत फळी अडकली,
गेली.
भाचा बांधावरच्या मित्रांना हात दाखवत होता.
आरशात त्याचाच चष्मा.
मी झेंडा वर केला, नारिंगी,
आणि अशी ओरडले की पलीकडे
गळ टाकून बसलेला म्हातारा उभा राहिला.

माझा बाप याच पाण्यात गेला.
शिंगाड्याच्या वेलात पाय गुंतला म्हणतात.
हात वर केला असेल त्यानं. माणूस करतोच.
काठावर दहा-बारा जण होते,
कुणी कपडे आपटत, कुणी बिडी शिलगावत.
वाईट कुणीच नव्हतं.
फक्त बघायचं काम कुणाला दिलेलं नव्हतं.

पडलेल्याकडे फिरून यायचं, हळू,
चालवणाऱ्याच्या बाजूनं, तो दिसत राहील असं.
शिडी टाकण्याआधी इंजिन बंद.
भाच्यानं सगळं केलं, मी म्हणेन तसं, मुकाट.
नूपुर वर आली, नाकातोंडात पाणी,
हात अजून हवेतच.
मी म्हटलं, आता खाली घे, दिसला.
तिनं घेतला नाही लगेच.

संध्याकाळी वहीत भरायचं असतं:
दिनांक, बोट क्रमांक, फेऱ्या अकरा.
पडले: एक.
शेवटच्या रकान्याला छापील नाव नाही,
मी तिथं माझ्या मनानं लिहिते
दिसले: एक.
आणि सही.